दोष शोधणं आणि दोष देणं

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



गीतेचा अठरावा अध्याय म्हटला की आपलं मन थेट शेवटाकडे धावतं, भगवंतांनी अर्जुनाला दिलेल्या अभयवचनाकडे. त्या ओढीत सुरुवातीचे हे चार श्लोक घाईत वाचले जातात. मला मात्र ते रोजच्या जगण्यात फार उपयोगी वाटतात, घरातही आणि ऑफिसातही.

भगवंत सांगतात की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर ते घडतं ते. आचार्य इथे देह असा अर्थ घेतात. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं, इंद्रियं. चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली. आणि पाचवं दैव, जे आपल्या हातात नाही ते. देहाने, वाणीने किंवा मनाने माणूस बरंवाईट जे काही करतो, त्यामागे हे पाचही असतात. असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी अजून कच्ची आहे, त्याला नीट दिसत नाही, असं सोळाव्या श्लोकाचं सांगणं आहे. ज्ञानेश्वर माउलींनी या पाच कारणांवर सविस्तर ओव्या लिहिल्या आहेत, त्या जरूर वाचा.

हे श्लोक आपण बहुतेक वेळा अहंकार कमी करायला वापरतो. प्रमोशन मिळालं, प्रोजेक्ट वेळेत गेला, की "सगळं त्याच्या कृपेने" म्हणतो. छान आहे. पण पंधराव्या श्लोकात चांगल्या कर्माबरोबर वाईट कर्मही आहे. मग दुसऱ्याच्या हातून काही बिघडतं, तेव्हा ही पाच कारणं आपल्याला आठवतात का? तेव्हा आपल्याला एकच कारण दिसतं : कर्ता. "कुणी केलं हे?" हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि बऱ्याचदा शेवटचाही.

आजचा विषय एवढाच आहे. समजायला एक अगदी साधं उदाहरण घेऊ.

भजनाचा डबा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात बहुतेक देवघरांत एक छोटा म्युझिक प्लेअर असतो. वर हँडल, पुढे स्पीकर, बाजूला पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डाची जागा, एफएम, ब्लूटूथ आणि लाइट गेली तर टॉर्चसुद्धा. यात्रेत मिळतो, बाजारात मिळतो. मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून देतात : काकड आरती, हरिपाठ, देवीच्या आरत्या, गवळणी. सगळे त्याला "भजनाचा डबा" म्हणतात.

तेर परिसरातल्या एका गावात माझी आत्या राहते. वय सत्तरच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पोथी वाचताना डोळे दुखतात. त्यामुळे संध्याकाळचा हरिपाठ डब्यावर लावून ती त्याच्यासोबत म्हणते. गेल्या वर्षी आषाढीच्या तोंडावर हा डबा मुका झाला.

आत्याकडे धुणंभांडी करायला एक बाई येतात. त्यांची बारा वर्षांची मुलगी शाळा सुटली की आईसोबत यायची आणि डब्याजवळ बसून गाणी ऐकायची. बंद पडायच्या आदल्या दिवशी तिने गाणं बदलायचं बटण दाबलं होतं, हे आत्याने पाहिलेलं. झालं! "त्या पोरीनं खटखट केली आन् बंद पडला." आत्याने तिला हाकलून वगैरे दिलं नाही. फक्त तिच्या आईला म्हणाली, "पोरीला आणत जाऊ नको." मुलगी यायची बंद झाली.

मी पंढरपूरहून परत येताना आत्याकडे थांबलो, तेव्हा हा सगळा इतिहास कळला आणि डबा हातात आला.

एका वेळी एकच गोष्ट

बिघाड शोधायची पद्धत आमच्या कामात रोजचीच आहे. काय चालत नाही हे सगळ्यांना दिसतं. काय चालतंय ते आधी बघायचं. मग संशयाची जागा निम्मी निम्मी करत न्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

डबा चालू केला. डिस्प्ले लागला, गाण्याचा नंबर आला आणि मिनिटं-सेकंद पुढे सरकू लागले. एवढ्यावरच बरंच कळतं. बॅटरी ठीक आहे, कार्ड वाचलं जातंय, आतली चिप गाणं वाजवतेय. (तुमच्याकडच्या डब्यात नंबरच येत नसेल तर आधी कार्ड तपासा. अशा बऱ्याच स्वस्त डब्यांना ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड किंवा वेगळ्या फॉरमॅटचं कार्ड वाचता येत नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला मुळीच लावू नका.)

मग आवाज पूर्ण वाढवला, काहीच नाही. दुसरं कार्ड घातलं, तेच. एफएम लावलं. स्टेशन नसलं तरी एफएमवर खरखर येते, इथे खरखरसुद्धा नाही. म्हणजे गाणी, कार्ड, कार्डाची जागा या सगळ्यांवरचा संशय संपला. बिघाड पुढे आहे, जिथून कार्डाचा आणि एफएमचा आवाज एकाच वाटेने जातो तिथे.

आता बाजूच्या भोकात इअरफोन घातले. कानात हरिपाठ अगदी स्वच्छ वाजत होता.

इअरफोनच्या भोकात एक बारीक पत्रा असतो. आत काही घातलेलं नसतं तेव्हा तो पत्रा टेकलेला असतो आणि आवाज स्पीकरकडे जातो. पिन घातली की पत्रा उचलला जातो आणि स्पीकरची वाट तुटते. म्हणूनच इअरफोन लावले की स्पीकर गप्प होतो. पत्र्याखाली घाण बसली तर पिन काढल्यावरही तो नीट टेकत नाही. डब्याच्या लेखी कुणीतरी इअरफोन लावून ऐकतंयच. आत्याचा डबा इतके दिवस वाजतच होता, फक्त आवाज स्पीकरपर्यंत पोचत नव्हता.

पिन चार-पाच वेळा आतबाहेर केली, तर स्पीकरमधून क्षणभर आवाज आला. तिथेच नक्की झालं. डबा बंद केला. बारीक काडीला कापूस गुंडाळून, त्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारं अल्कोहोल लावून भोक पुसलं. काडीवर काळपट चिकट थर आला. उदबत्तीची राख, निरांजनाची काजळी आणि तेल. डबा वर्षभर देवघरात उदबत्तीच्या घराशेजारीच होता.

अर्ध्या तासाचं काम. स्पीकर वाजू लागला.

पाचांपैकी कोण?

आता गीतेची ती पाच कारणं इथे लावून बघा. शब्द जरा सैल वापरतोय, माफ करा. करण, म्हणजे चिप, बॅटरी, स्पीकर, सगळं शाबूत. चेष्टा, म्हणजे त्या मुलीचं बटण दाबणं, तिचा याच्याशी काहीच संबंध नाही. बिघाड आला अधिष्ठानातून, डबा जिथे ठेवला होता त्या जागेतून. आणि ती जागा घरातली सगळ्यात पवित्र जागा होती. राखेला पावित्र्य कळत नाही, ती भोकात जाऊन बसते.

"नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण आपण सर्रास वापरतो. जागेला दोष देणाऱ्याची त्यात थट्टा आहे, आणि कितीतरी वेळा ती योग्यही असते. पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. ते बघायला वाकून अंगणाकडे पाहावं लागतं. म्हण फेकायला वाकावं लागत नाही.

मराठीत आपण "दोष शोधणं" म्हणतो आणि "दोष देणं"ही म्हणतो. शब्द एकच असल्याने दोन्ही एकच वाटतात. पण दोष देताच शोध थांबतो. आत्याने मुलीचं नाव घेतलं, त्यानंतर डब्याकडे कुणी पाहिलंच नाही. कशाला पाहायचं? उत्तर मिळालं होतं ना!

आणि हे उत्तर त्या मुलीवरच का येऊन पडलं? घरात आत्याचा नातूही येतो, तोही डब्याशी खेळतो, पाडतोसुद्धा. त्याचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. दोष पाण्यासारखा उताराकडे धावतो. घरात कामाला येणारी बाई, तिचं मूल, सोसायटीचा वॉचमन, ऑफिसात नुकताच लागलेला पोरगा. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्यापाशी आपला शोध संपतो. यातल्या कुणालाही मुद्दाम दुखवायचं आपल्या मनात नसतं. आत्याच्याही नव्हतं. ती रोज हरिपाठ म्हणणारी बाई आहे. म्हणून तर हा प्रश्न मला तुमच्या-माझ्यासारख्यांचा वाटतो. पाठ रोज होतो, आणि समोरच्यावर आरोपही तितक्याच सहज होतो.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मला बाईंकडून कळली. पहिल्याच दिवशी मुलगी म्हणाली होती, "आज्जी, आकडे तर पळायलेत की." आकडे पळतायत! म्हणजे डबा चालू आहे, गाणं वाजतंय, फक्त आवाज बाहेर येत नाही. बिघाड शोधायला लागणारी पहिली आणि सगळ्यात मोठी खूण तिने सांगितली होती. पण तेव्हा ती आरोपी होती. आणि आरोपीचं बोलणं आपल्याला सबब वाटतं.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. सोनी कंपनीने १९७९ साली जपानमध्ये पहिला वॉकमन आणला. खिशात गाणी आणि कानात हेडफोन, हे जगाला त्यानेच शिकवलं. त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. दोघांनी मिळून ऐकावं आणि बटण दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन शेजारच्याचं बोलणं ऐकू यावं, अशी सोय होती. एकट्याने कान बंद करून बसणं बरं दिसणार नाही, असं ते यंत्र बनवणाऱ्यांना वाटलं होतं. पुढच्या मॉडेलांत ते बटण गेलं. आज आपल्या कानात भजन असो की पॉडकास्ट, आणि मनात आपलंच मत वाजत असो, हे बटण आपल्यालाच आठवणीने दाबावं लागतं.

मग कुणाचीच चूक नसते का?

इथे तुमच्यापैकी कुणीतरी नक्की विचारेल : सगळं पाच कारणांवर ढकललं तर जबाबदारी कुणाची? उद्या चोरही म्हणेल, मी एकटा कर्ता नाही, परिस्थिती आहे, दैव आहे. प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर शोधायला मी तेरलाच जातो, कारण तिथे गोरोबाकाकांची समाधी आहे.

संतांची परीक्षा घेतल्याची कथा तुम्हाला ठाऊक असेल. संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातलं थापटणं बघून मुक्ताबाईने विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते ठोकून कळतं. मग आमच्यातली मडकी पण बघा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, नामदेवराय मात्र चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं.

बिघाड शोधणाऱ्याने या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात असं मला वाटतं. पहिली, काकांनी थापटणं सगळ्यांवर चालवलं, सारखंच. ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याला तेवढं ठोकलं नाही. दुसरी, त्यांनी "कच्चं" म्हटलं, "फुटकं" नाही म्हटलं. कुंभाराला हा फरक माहीत असतो. फुटकं उकिरड्यावर जातं, कच्चं भट्टीत जातं. नामदेवराय पुढे विसोबा खेचरांकडे गेले. नंतर त्यांचं नाव पंजाबपर्यंत पोचलं, शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. दोष खरा असेल तर तो स्पष्ट सांगायचा, आणि सांगताना त्या माणसासाठी पुढची वाट उघडी ठेवायची. कर्ता हे पाचांतलं एक कारण आहेच. तपासाअंती चूक कर्त्याची निघाली तर तसं म्हणायला गीता अडवत नाही.

पण काकांची दुसरी कथा मला जास्त अस्वस्थ करते. चिखल तुडवताना ते भजनात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. बायकोचा आक्रोश, संताप, मग तिने घातलेली विठ्ठलाची शपथ : मला हात लावायचा नाही. काकांनी ती पाळली. पुढे एका रात्री ते झोपेत असताना त्यांचे हात अंगावर ठेवले गेले. शपथ मोडली. आता बघा, काकांकडे किती सबळ कारणं होती! झोपेत होतो. मी केलं नाही, दुसऱ्यांनी केलं. दैव. पाचांपैकी चार कारणं त्यांच्या बाजूने बोलत होती. त्यांनी यातलं एकही पुढे केलं नाही, स्वतःचे हात तोडून घेतले. पुढे विठ्ठलकृपेने हातही परत आले आणि मूलही, अशी कथा आहे.

हात तोडा असं आपल्याला कुणी सांगत नाही. पण दिशा बघा. आपलं नेहमीचं गणित याच्या बरोबर उलट असतं. मला उशीर झाला तर ट्रॅफिक होतं. त्याला उशीर झाला तर तो बेशिस्त. माझ्या कोडमध्ये बग आला तर रिक्वायरमेंट नीट नव्हती. ज्युनिअरच्या कोडमध्ये आला तर त्याचं लक्ष नव्हतं. स्वतःसाठी आपण दैव आणि अधिष्ठान वापरतो, दुसऱ्यासाठी फक्त कर्ता. पाचही कारणं दोघांनाही सारखीच लागू आहेत. मला वाटतं, तपासायचा क्रम तेवढा बदलायला हवा. दुसऱ्याचं काही बिघडलं तर आधी बाकीची चार कारणं बघावी, कर्त्याकडे शेवटी यावं. आपलं बिघडलं तर कर्त्यापासून सुरुवात करावी.

मात्र एक सांभाळा. आपल्यातले काही जण उलट्या टोकाला जातात. घरात, ऑफिसात, नात्यात काहीही बिघडलं की "माझ्यामुळेच झालं" म्हणून रात्र रात्र जागतात. तेही सोळाव्या श्लोकाच्या विरुद्धच आहे. "सगळं माझ्यामुळे चांगलं झालं" हा जसा अहंकार, तसंच "सगळं माझ्यामुळे वाईट झालं" हे म्हणणंही एकट्या स्वतःलाच कर्ता मानणं आहे. स्वतःपासून सुरुवात करा, पण स्वतःपाशी थांबू नका. उरलेली चारही तपासा.

त्या मुलीचं काय झालं, हे विचाराल. डबा वाजू लागल्यावर आत्या बराच वेळ गप्प बसली. मग बाईंना म्हणाली, "उद्या पोरीला घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. चार दिवसांनी आली, दारात उभी राहिली. आत्याने स्वतः उठून तिला डब्याजवळ बसवलं, "तू बरोबर सांगत होतीस गं" म्हणाली. मुलगी आता पुन्हा रोज येते, ऐकते. पण आत्या सांगते की बटणाला मात्र ती हात लावत नाही, गाणं बदलायचं असलं की आत्याला सांगते. यंत्रातली राख कापसाने निघाली. ही निघायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. म्हणूनच नाव घेण्याआधी थांबायचं.

आजचा संकल्प

आज दिवसभरात काहीतरी बिघडेलच : घरचं वायफाय, ऑफिसातलं डिप्लॉयमेंट, कुणाचा तरी मूड. तेव्हा "कुणी केलं?" हा प्रश्न तोंडात येईल. तो तिथेच थांबवून आधी तीन प्रश्न विचारू या.

१. अजून काय नीट चालू आहे?
२. जागा, साधनं, परिस्थिती यांपैकी मी काय काय तपासलं?
३. ज्याच्यावर माझा संशय आहे, त्याचं बोलणं मी पूर्ण ऐकलं का?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. कदाचित तो तुम्हाला आकडे पळतायत असंच सांगत असेल.

उद्या श्लोक १७. कर्तेपणाचा भाव नसलेल्याला कर्म कसं बांधत नाही, हा अवघड भाग आहे. आजचे चार श्लोक पुन्हा एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.